दात तुटला कुणामुळे?

4 जून 1967. नेदरलँड्समधल्या झांडवूर्टच्या समुद्रकाठच्या सर्किटवर डच ग्रां प्री चालू होती आणि सगळ्यांच्या पुढे होता ग्रॅहॅम हिल, लोटस 49 घेऊन. गाडी नवी, इंजिन नवं. दोघांचीही ही पहिलीच शर्यत. दहा फेऱ्या हिलने कुणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि अकराव्या फेरीत इंजिनाने मान टाकली. तसंच इंजिन बसवलेली दुसरी लोटस जिम क्लार्कने आठव्या जागेवरून पुढे काढली आणि शर्यत जिंकली. करांच्या भानगडीमुळे क्लार्क इंग्लंडमध्ये येत नव्हता, त्यामुळे त्या शर्यतीच्या आठवड्याआधी त्याने ही गाडी चालवलेलीसुद्धा नव्हती.

एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन इंजिनं. एक पदार्पणातच जिंकतं, दुसरं वीस मिनिटंही टिकत नाही. हिलच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या गिअरचे दात तुटले होते. का तुटले, हे शोधायला मात्र पुढे बराच काळ लागला.

इंजिनाचं नाव कॉसवर्थ डीएफव्ही. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या छोट्या कारखान्यात कीथ डकवर्थने ते आखलं. पैसा फोर्डचा, एक लाख पौंड. तीन लिटर, व्ही आकारात आठ सिलिंडर, प्रत्येकावर चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण 32. सुरुवातीलाच सुमारे 400 अश्वशक्ती, तीही मिनिटाला 9,000 फेऱ्यांवर.

हा 9,000 चा आकडा जरा उलगडून बघण्यासारखा आहे. सेकंदाला 150 फेरे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला 75 वेळा. आठही मिळून 600 स्फोट. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, त्या क्षणी त्याच्यावर येणारा त्वरणाचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त असतो. मुठीत मावणारा धातूचा तुकडा त्या वेळी टनाटनाने ओढतो.

त्याहून मोठं नवल आगीचं. साचलेल्या हवेत पेट्रोलच्या वाफेची ज्योत सेकंदाला जेमतेम 40 सेंटिमीटर सरकते. डीएफव्हीचा सिलिंडर साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि स्पार्क प्लग अगदी मधोमध. म्हणजे ज्योतीला कडेपर्यंत सव्वाचार सेंटिमीटर जायचं. त्या चालीने गेली तर एक दशांश सेकंद लागेल आणि तेवढ्यात पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट पंधरा फेरे मारून मोकळा होईल. इंजिन तरीही चालतं, कारण आत हवा साचलेली नसतेच. व्हॉल्व्हमधून घुसणारी हवा सिलिंडरात खळबळ माजवते, ज्योतीच्या चिंध्या होतात, प्रत्येक चिंधी आपापली पेटत सुटते आणि आगीची चाल शंभरपट होते. आणि फेरे वाढले की हवा अधिक जोरात घुसते, खळबळ वाढते, आगही घाई करते. इंजिन जितकं पळेल तितकी आग त्याच्याबरोबर पळते. हे कुणी योजून केलेलं नाही. निसर्गाने ते फुकट दिलंय. नसतं दिलं, तर वेगवान पेट्रोल इंजिन नावाची चीजच जन्माला आली नसती.

तरी आगीला थोडा वेळ लागतोच. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच पाडावी लागते. किती आधी, हे ठरवणं म्हणजे टायमिंग लावणं. नवं बांधलेलं इंजिन त्यासाठी डायनॅमोमीटरवर चढवतात. इंजिनाने पाणी घुसळायचं, पाण्याचा विरोध एका दांड्याला ढकलतो, आणि तो दांडा किती जोर लावतोय त्यावरून ताकद कळते. पाण्याचा हा ब्रेक विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने 1877 मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी काढला होता. आता ठिणगी एकेक अंश अलीकडे आणत जायचं. 9,000 फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे चौपन्न हजारावा भाग. ताकद वाढते, वाढते, मग वाढायची थांबते. तिथून आणखी अलीकडे गेलात तर कोपऱ्यात उरलेलं न पेटलेलं मिश्रण दाबाखाली आपोआप भडकतं आणि नॉकिंग सुरू होतं.

नॉकिंगचा आवाज ओळखीचा, पण त्याचा खरा घातकपणा आवाजात नाही. आत दोन हजार अंशांहून जास्त तापमान असतं आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा, ते साडेसहाशेच्या आसपास वितळतं. पिस्टन वाचतो तो त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेल्या थंड वायूच्या पातळ थरामुळे. नॉकिंगच्या दाबलहरी नेमका हा थर खरवडून काढतात. नॉकिंगने भोक पडलेला पिस्टन हातात घेऊन पाहा: धातू फुटलेला नसतो, मेणासारखा ओघळलेला असतो.

टायमिंग आणि इंधन जमलं तरी डीएफव्हीची एक खोड होती. साधारण 6,500 फेऱ्यांपर्यंत ते मवाळ, आणि मग एकदम चेकाळायचं. त्या अचानक उसळणाऱ्या ताकदीने ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर दोष ड्रायव्हरला देणं मला तरी अन्याय वाटतो. एक्झॉस्ट आणि इनलेटच्या नळ्यांतल्या दाबाच्या लहरी ठरावीक वेगालाच इंजिनाच्या बाजूने पडतात, हे एकदम चेकाळणं त्याचा परिणाम.

आता ते तुटके दात. दात तुटला की आपण म्हणणार, पोलाद हलकं असेल. जाड दात करा, कठीण करा. पण क्रँककडून कॅमकडे जाणारी ताकद दात मोडण्याइतकी कधी नसतेच. मग जास्तीचा मार येतो कुठून?

उत्तर कॅमच्या फुगवट्यात आहे. फुगवटा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला अडवते. गिअरला जोर लावावा लागतो. फुगवट्याचं टोक ओलांडलं की तीच दाबलेली स्प्रिंग कॅमला पुढे हाकलते. उतार लागला की बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तसा कॅमशाफ्ट गिअरच्या अंगावर येतो. दात एका क्षणी ढकलतोय, दुसऱ्या क्षणी त्याच्या पाठीत बसतेय. डीएफव्हीच्या एका बाजूला चार सिलिंडर. त्यांचे फुगवटे कॅमशाफ्टवर काटकोनात वाटलेले. म्हणजे दर फेऱ्याला चार हिसके, आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा 9,000 वर सेकंदाला 300. क्रँकपासून कॅमपर्यंतची गिअरची अख्खी साखळी स्वतःच्या लवचिकपणामुळे विशिष्ट लयीत पिळली जाते, सुटते. हिसक्यांची लय तिच्या लयीशी जुळली की दरेक हिसका आधीच्यात भर घालतो. अशा वेळी जाड दाताने काय होणार? जाड केला तर साखळी अधिक ताठर, एवढंच; लय थोडी वर सरकेल आणि दात दुसऱ्या वेगाला तुटेल.

डकवर्थने पुढे जो उपाय केला तो उलट्या दिशेचा. त्याने गिअर मजबूत करण्याऐवजी मऊ केला. एका गिअरच्या पोटात बारीक पोलादी काड्या बसवल्या. हिसका आला की काड्या किंचित पीळ खातात, मार गिळतात आणि परत सरळ होतात. गिअरसाखळीत मुद्दाम ठेवलेला हा ढिलेपणा बाहेरून दिसत नाही. हाताने फिरवून पाहिलं तरी कळणार नाही.

डीएफव्ही इंजिनं कॉसवर्थने कोणालाही विकायला काढली. पैसे भरा, इंजिन घ्या, चेसिस तुमची. टायरेल, मॅक्लारेन, विल्यम्स या सगळ्यांनी तेच इंजिन लावलं आणि ते एकमेकांशीच लढत राहिले. डीएफव्ही आणि त्याच्या थेट वारसाच्या नावावर 155 ग्रां प्री विजय आहेत. शेवटचा 5 जून 1983 रोजी अमेरिकेत डेट्रॉइटला, मिकेले आल्बोरेतोच्या टायरेलमध्ये, टर्बो इंजिनांच्या गर्दीत.