व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? घरच्या संगीतयंत्रणेची विवेकपूर्ण निवड

दिवाणखान्यात चांगली संगीतयंत्रणा असावी, ही इच्छा आज आपल्या अनेक कुटुंबांत दिसते. पहाटे भक्तामर स्तोत्र, पर्युषणात स्तवने, सुटीच्या दिवशी शास्त्रीय गायन असे तिचे अनेक उपयोग. मात्र ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, या प्रश्नापाशी जाणकारांतही दोन तट पडतात. खर्च कधी लाखांच्या घरात जातो; म्हणून हा निर्णय ऐकीव कौतुकावर सोडू नये.

दोन युगांची दोन यंत्रे

जुन्या पिढीला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर काही क्षण शांतता, मग हळूहळू उमलणारा आवाज. काचेच्या निर्वात नळीतील तार तापल्याशिवाय तिचे कार्य सुरूच होत नसे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत त्याने घरोघरच्या व्हॉल्व्हची जागा घेतली. तो आकाराने लहान, कमी तापणारा, तत्काळ चालू होणारा आणि टिकाऊ. तरीही संगीतप्रेमींच्या एका वर्गाने व्हॉल्व्हची साथ सोडली नाही.

गोडव्याचे कारण

व्हॉल्व्हचा आवाज ‘गोड’ असतो, ही केवळ कल्पना नव्हे. साध्या रचनेचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मूळ स्वरात स्वतःची थोडी भर घालतो आणि तीत दुसऱ्या हार्मोनिकचा वाटा मोठा असतो. मध्य षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्जच. त्यामुळे ही भर कानाला खटकत नाही, उलट भरदार वाटते. शक्तीची मर्यादा ओलांडली, तर व्हॉल्व्हचा आवाज बहुधा हळूहळू बिघडतो, ट्रान्झिस्टरचा मात्र एकदम कर्कश होतो. परंतु मर्यादेच्या आत चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मूळ ध्वनिमुद्रण जवळजवळ जसेच्या तसे पोहोचवतो. एकाला माधुर्य प्रिय, दुसऱ्याला यथार्थता. दोन्ही नय आपापल्या अपेक्षेने खरे. पण अनेकान्त म्हणजे ‘काहीही घेतले तरी चालेल’ असे नव्हे. आपली अपेक्षा कोणती, हे आधी स्पष्ट करणे म्हणजे अनेकान्त.

हिशेब स्पीकरपासून मांडावा

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते: एका वॉटला एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो आकडा. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दहापट लागते. म्हणजे ८७ डेसिबलच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी ८० वॉट लागतात, तोच आवाज ९७ डेसिबलचा स्पीकर ८ वॉटमध्ये देतो. ३००बी या प्रसिद्ध व्हॉल्व्हचा एकेरी ॲम्प्लिफायर साधारण ८ वॉटच देतो. तो कमी संवेदनशील स्पीकरला जोडला, तर मंद स्तवन चालेल. तबला-पखवाजाच्या आघाताला मात्र तो दमेल. शिवाय ज्या स्पीकरचा ओहमचा आकडा स्वराच्या उंचीनुसार फार खाली-वर होतो, त्याचा समतोल व्हॉल्व्हच्या जोडीने बदलू शकतो. म्हणून स्पीकर आधी, ॲम्प्लिफायर नंतर.

खरेदीची किंमत हा खर्चाचा पहिलाच आकडा. आवाजाची मुख्य शक्ती देणारे व्हॉल्व्ह साधारण २,००० ते ५,००० तास टिकतात. रोज तीन तास ऐकल्यास दोन ते साडेचार वर्षांत ते बदलावे लागतात. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. पुरवठ्याचा आणि दुरुस्ती करणाऱ्याचा भरवसा आधीच करून घ्यावा. विजेचेही तसेच. १५० वॉट खेचणारा संच रोज तीन तास चालला, तर महिन्याला साडेतेरा युनिट लागतात. याउलट क्लास-डी जातीचा ट्रान्झिस्टर संच पूर्ण शक्तीवर घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरकडे पोहोचवू शकतो.

जयणेचा विचार

व्हॉल्व्हची काच हात भाजेल इतकी तापते आणि आत शेकडो व्होल्टचा दाब असतो. घरात लहान मुले असतील, तर जाळीचे आवरण हवेच. पावसाळ्याच्या रात्री दिव्याकडे येणारे सूक्ष्म जीव त्या तप्त काचेवर पडू शकतात. चातुर्मासात सूर्यास्तानंतर तो संच बंद ठेवणे हाच सोपा उपाय. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीही चालू करू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

निवड कशी करावी?

एकत्र कुटुंब, दिवसभराचा वापर आणि मध्यम संवेदनशील स्पीकर असतील, तर चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर घ्यावा. स्वतंत्र खोली, अतिसंवेदनशील स्पीकर आणि निगा राखण्याची हौस असेल, तर व्हॉल्व्ह खरा आनंद देईल. दुकानात दोन्ही संच एकाच स्पीकरवर, आपल्या परिचयाच्या गाण्याने आणि समान आवाजावर ऐकावेत. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक सरस भासतो.

आणि घरात असलेला संच आजही मनाला प्रसन्न करीत असेल, तर नवे न घेणे हाही एक निर्णयच आहे. परिग्रहपरिमाणाचे व्रत आपल्याला हेच शिकवते.