लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे

पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीही न पाहणारा अर्जुन आपल्याकडे एकाग्रतेचा आदर्श मानला जातो. बंदुकीच्या नेमबाजीत मात्र एवढी एकाग्रता पुरेशी नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे, हेही चाप ओढण्यापूर्वी ठाऊक असावे लागते. कारण गोळीचा प्रवास लक्ष्यापाशी संपतोच असे नाही.

०.२२ इंची रायफलीचे उदाहरण घेऊ. ५० मीटर अंतरावरील स्पर्धेच्या कागदी लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. सुमारे अडीच ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने येते आणि कागद भेदून जवळजवळ त्याच वेगाने पुढे निघते. मोकळ्या रानात ती एक किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. तात्पर्य, कागद केवळ नेमाची नोंद करतो. गोळी अडविण्याचे काम मागच्या बांधाचे असते.

हा बांध वाळूचा अथवा चाळलेल्या मातीचा असावा. त्यात दगड राहिल्यास गोळी त्यावर आपटून भलत्याच दिशेला उसळते. एकाच जागी असंख्य गोळ्या रुतल्या, की तेथे शिशाचा थर साचतो व तोही दगडासारखाच घातक ठरतो. यास्तव बांध वेळोवेळी उकरून माती चाळणे आवश्यक असते. लक्ष्य फार खाली लावल्यास गोळी जमिनीवर टप्पा घेऊन, पाण्यावर फेकलेल्या चपट्या खापरीप्रमाणे, बांधावरून पलीकडे जाण्याचा संभव असतो.

पोलादी लक्ष्याची तऱ्हा निराळी. त्यावर गोळी फुटते आणि तिचे तुकडे मुख्यतः पत्र्याच्या पृष्ठभागालगत चहूबाजूंना उडतात. पृष्ठभाग सपाट, कठीण आणि वरच्या बाजूने किंचित पुढे झुकलेला असेल, तर बरेच तुकडे जमिनीकडे वळतात. साध्या लोखंडाला मात्र खळगे पडतात आणि अशा खळग्यातून तुकडे नेमबाजाकडेच परततात. खळगे पडलेला पत्रा बाद करावा. बाटल्या, दगड अथवा पाणी यांवर तर कधीही नेम धरू नये.

जत्रेत फुगे फोडण्याच्या खेळामुळे छऱ्याची बंदूक अनेकांना खेळणे वाटते. हा समज धोक्याचा आहे. २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, ते याच जातीच्या एअर रायफलने. तिचा ४.५ मिलिमीटरचा छरा डोळा कायमचा निकामी करू शकतो. घराच्या भिंतीवर पुठ्ठा टांगून सराव करणाऱ्याने मागे छरे अडविणारी पेटी ठेवावी आणि सर्वांनी संरक्षक चष्मा लावावा.

लक्ष्य बदलण्याची वेळ सर्वांत नाजूक. सर्व बंदुका रिकाम्या करून, कक्ष उघडे ठेवून खाली ठेवल्या जाईपर्यंत आणि मैदानाचा अधिकारी तशी आज्ञा देईपर्यंत कोणीही पुढे पाऊल टाकू नये. लक्ष्यापाशी माणूस असताना मागे राहिलेल्यांनी बंदुकीला स्पर्शही करू नये. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज खाणेपिणे टाळावे. कारण शिशाची धूळ दिसत नसली, तरी शरीरात साचत जाते.

चुकलेला नेम पुन्हा धरता येतो. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.