भूक ओळखणाऱ्या रमाबाई

मुलांनो, सोलापूरहून आगगाडीने पुण्याला जाताना दौंड मागे पडलं, की थोड्याच वेळात केडगाव स्टेशन येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. सोळाव्या वर्षी, दुष्काळात, त्यांचे आई-वडील गेले. भूक म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. १८८३ मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण नुसती प्रार्थना करून त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, लिहा-वाचायला शिकवलं. विणकाम, छपाईसुद्धा शिकवली. का बरं? उद्या कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून!

आता आपलं बघू. वर्गात एखाद्याने डबा आणलेला नसतो. ‘देवा, त्याला जेवायला दे,’ म्हणणं सोपं. पण आपली अर्धी भाकरी अन् शेंगाचटणी त्याच्यापुढे सरकवणं अवघड, कारण भूक आपल्यालाही लागलेली असते. विश्वास वाढतो तो तिथेच. उद्या मधल्या सुट्टीत करून बघाल ना?