तुमचं गाव कोणतं?

सोलापुरात नवी ओळख झाली की दोन-चार वाक्यांतच प्रश्न येतो, "तुमचं गाव कोणतं?" कुणी अक्कलकोट सांगतो, कुणी इंडी. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरी कित्येक पिढ्यांनंतरही तेलंगणातल्या एखाद्या खेड्याचं नाव निघतं. कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या या शहरात परगावचं असणं नवलाचं नाही. पण याच शहरात अशीही मुलं वाढली, ज्यांची या प्रश्नापाशी पंचाईत व्हायची. ती मिशनऱ्यांची मुलं. आयाच्या कडेवर मराठी शिकलेली, आणि घरातली मोठी माणसं 'होम' म्हणायची ती अमेरिका मात्र कधीच न पाहिलेली.

अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं. १८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि त्याच दशकात चार्ल्स हार्डिंग यांच्यासारखे मिशनरी इथे राहू लागले. वोरोनोको ही मुलींची शाळा आणि मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाची बालवाडी ही त्या वस्तीची खूण. वोरोनोको हे मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाचं नाव. मुळात ते तिथल्या आदिवासींच्या बोलीतलं, आणि सोलापूरच्या मुली ते सहज उच्चारत शाळेत जात.

मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यांच्या धर्मांतराच्या कामावर टीकाही झाली. त्या कामाबद्दल कुणाचं मत काहीही असो, नऊ वर्षांच्या मुलाने ते काम निवडलेलं नसतं. म्हणून मला त्या घरांतल्या मुलांविषयी लिहायचं आहे.

मुंबईतल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक गॉर्डन हॉल. मराठीवर त्यांनी मेहनतीने प्रभुत्व मिळवलं. मुलांच्या प्रकृतीला इथली हवा सोसेना, म्हणून १८२५ मध्ये पत्नी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसल्या. हॉल मागे राहिले. एक मुलगा समुद्रातच गेला. पुढच्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या फेरीत हॉल यांना पटकीने गाठलं आणि वाटेतच ते वारले. वर्षभराच्या आत एका घराचे असे तुकडे झाले.

रॉबर्ट ह्यूम यांची गोष्ट उलट दिशेची. जन्म मुंबईचा, १८४७चा. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला निघालं आणि १८५४ मध्ये वडील प्रवासातच वारले. आईने मुलांना तिकडे वाढवलं. येल विद्यापीठात शिकलेला हा मुलगा १८७४ मध्ये भारतात परतून अहमदनगरला आला आणि पुढे सुमारे पन्नास वर्षं तिथेच राबला. याला परदेशगमन म्हणायचं की घरी येणं?

पुढच्या काळात मुलांना थेट अमेरिकेला धाडण्याऐवजी डोंगरावरच्या शाळा निघाल्या. मसुरीची वुडस्टॉक होतीच. १९०१ मध्ये कोडाईकनालला मार्गारेट एडी यांनी तेरा मुलांवर शाळा सुरू केली. मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांची मुलंही तिथे जाऊ लागली. सोलापूर मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरच. त्या शाळेची मोठी सुट्टी थंडीत असे, म्हणजे मुलं नाताळला घरी. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे फिरू लागतात, आणि त्याच दिवसांत या मुलांच्या ट्रंका भरायची वेळ व्हायची. सगळं गाव जत्रेला येत असताना आपण गाव सोडायचं!

या अवस्थेला नावही भारतातल्याच अभ्यासातून मिळालं. रूथ आणि जॉन यूसीम हे समाजशास्त्रज्ञ दांपत्य १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होतं. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या सांध्यावर घडणारी तिसरी. अशा मुलांना रूथ यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हटलं. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी अशा कुटुंबांसाठी एक साधी वाट सांगितली: जाण्याआधी रुसवे मिटवा, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं बोलून दाखवा, माणसांचा, जागांचा, अगदी अंगणातल्या झाडाचाही निरोप घ्या, आणि मग पुढच्या गावाचा विचार करा. निरोप अर्धवट राहिला की नव्या गावात मन लागत नाही, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे दारातून निघताना 'जातो' म्हणू देत नाहीत, 'येतो' म्हणायला लावतात. त्या मुलांना हे आयांनी नक्की शिकवलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

परकेपणा फक्त गोऱ्यांच्याच वाट्याला आला असं मात्र नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं घरच मोडलं. त्या काही काळ आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात नातेवाइकांकडे होत्या. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं एकदम सुटलं नाही. हळूहळू, एकेक घास, एकेक घोट करत सुटलं. 'स्मृतिचित्रे'त हे त्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलं आहे की वाचताना छातीत कळ येते. टिळकांनी मग ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी आपल्या ओळखीचा सूर दिला. मराठी ख्रिस्ती माणसाला देवळात आपलं वाटावं यासाठी एवढं मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल.

आज सोलापुरात अमेरिकन मिशनरी कुटुंबं नाहीत. पाळकांच्या बदल्या मात्र होतात. दर काही वर्षांनी सामान टेम्पोत चढतं, मुलांच्या शाळा बदलतात, नव्या वर्गात नव्याने नाव सांगावं लागतं. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी नगरकडून असंच एक कुटुंब आलं. पहिले दोन महिने त्यांची मुलगी ओट्यावर बसून आमचा लगोरीचा खेळ नुसता बघायची. दिवाळीत आईने फराळाचं ताट विणलेल्या रुमालाने झाकून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "देऊन लगेच पळून येऊ नकोस, बस थोडा." मी बसलो. तिने मला अभ्यासाची वही दाखवली, मी तिला गड्ड्यावरच्या मौत का कुआँबद्दल सांगितलं.

ताट तिकडेच राहिलं. डिसेंबरात ती स्वतः ते घेऊन आली, वर तोच रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. खाली करंज्या, चकल्या आणि केकचा तुकडा. नाताळचा फराळही आमच्यासारखाच असतो, हे मला तेव्हा कळलं. आईने ताट रिकामं करून त्यात शेंगाचटणी भरली आणि तिला म्हणाली, "संध्याकाळी खेळायला ये गं. तुझ्याविना आमच्याकडे एक भिडू कमी पडतोय."