बॅटरीचा पंखा घेताना

उन्हाळ्याची रात्र. वीज गेली. घरात तान्हे मूल आहे, म्हातारी आई आहे. अशा वेळी बॅटरीचा पंखा कामाला येतो. राखणीला शेतावर जाताना तो बरोबर नेता येतो. पण तो पारखून घ्यावा.

दुकानदार म्हणेल, "हा बारा तास चालतो." त्याला विचारा, "कोणत्या वेगावर?" बहुधा तो आकडा सर्वांत मंद वेगाचा असतो. जोरात फिरवला तर तोच पंखा तीन तासांत थांबेल.

आता आपल्याला वाचता येते. मग खोक्यावरचे आकडे आपणच वाचावेत. लिथियम बॅटरीवर बहुधा '४००० एमएएच' असे लिहितात. त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. सुमारे १५ आले. एवढे 'वॅट-तास' वीज बॅटरीत साठते. पंखा ५ वॅटचा असेल, तर १५ ला ५ ने भागा. तो ३ तास चालेल. खरे तर थोडे कमीच धरा.

पात्यांना बारीक जाळी हवी. मुलाचे बोट आत जाता कामा नये. चार्जिंग अंथरुणावर करू नका. बॅटरी फुगली तर वापरणे बंद करा. ती पेट घेऊ शकते.

आणि ध्यानात ठेवा, पंखा हवा गार करीत नाही. तो घाम सुकवतो, म्हणून गार वाटते. पारा ४० अंशांवर गेला, की तो गरम वाराच अंगावर मारतो. मग पंखा बंद करा. ओल्या फडक्याने अंग पुसा. म्हातारीला घोट घोट पाणी द्या, तान्ह्याला वरचेवर पाजा.