दाणा टपोरा कशाने होतो?

संत्र्याची फोड खाताना तोंडात बी आली की आपण ती थुंकून टाकतो. परंतु फळाच्या वाढीला बीचाही हातभार असतो. काटोल-नरखेडच्या बागांत संत्रा तोडायला जाणाऱ्या, एक-दोन एकर कसणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विज्ञान जाणून घेतले पाहिजे, कारण त्यात पैशाचा प्रश्न आहे.

माणसाप्रमाणे वनस्पतीच्या शरीरातही संप्रेरके तयार होतात. शेतकरी त्यांना संजीवके म्हणतात. बी कोवळी असताना सायटोकायनिन पेशींची संख्या वाढवते. ऑक्झिन आणि जिबरेलिन त्या पेशी मोठ्या करण्यास मदत करतात. बी पक्व होताना ॲबसिसिक आम्ल तिला झोपवून ठेवते. पुढे पाणी मिळाले की जिबरेलिन तिला जागे करते. मटकीला मोड येतात ते असेच.

बी फळालाही वाढवते. १९५० साली निच या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले, तेव्हा फळाची वाढ थांबली. दाण्यांऐवजी ऑक्झिन लावताच ते वाढू लागले. बिनबियांच्या द्राक्षांचे मणी मोठे व्हावेत म्हणून नाशिकचे बागाईतदार घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात, ते याच कारणाने.

आपल्या नागपुरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ साली ती संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी जिबरेलिक आम्लाची जी शिफारस आहे, तीत शंभर लिटर पाण्याला प्रमाण अवघे दीड ग्रॅम!

एवढ्याशा मात्रेने काम होते, कारण संजीवक हे अन्न नव्हे, तो निरोप आहे. घरात पीठच नसेल तर नुसत्या निरोपाने भाकरी होत नाही. दाणे भरताना तुरीला, हरभऱ्याला पाणी कमी पडले तर दाणा बारीक राहतो. ती उणीव बाटलीतले औषध भरून काढीत नाही.

म्हणून ‘दाणा टपोरा करणारे टॉनिक’ उधारीवर घेण्याआधी दुकानदाराला विचारा : यात कोणते संजीवक आहे? किती आहे? कोणत्या पिकासाठी, कोणाची शिफारस आहे? बाटलीवरचा कागद शिकणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्या. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. ती शिकवण विहाराइतकीच शेताच्या बांधावरही उपयोगाची आहे.