फारोचे मन कोणी कठीण केले?

या आठवड्यात वल्हांडणाच्या रात्रीकडे वळायचे ठरले होते. ती रात्र आठवडाभर पुढे ढकलतो, कारण दहा पीडांवरचे लेख वाचून बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणे योग्य होणार नाही. इस्राएलींना गुलाम करून ठेवणाऱ्या मिसरच्या राजाचे, फारोचे, मन देवानेच कठीण केले असे बायबलमधला निर्गमाचा ग्रंथ सांगतो. मग फारोचा अपराध तो कोणता? ज्याच्या मनाची कडी बाहेरून लावली, त्याला दार उघडले नाही म्हणून शिक्षा का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर पीडांचा क्रम सावकाश वाचावा लागतो.

पहिल्या पाच पीडांत देवाने फारोचे मन कठीण केल्याचा उल्लेख एकदाही येत नाही. नाईलचे पाणी रक्त झाले तेव्हा लोक पिण्याच्या पाण्यासाठी नदीकाठी खड्डे खणत होते, आणि फारो पाठ फिरवून वाड्यात गेला. तिसऱ्या पीडेत त्याच्याच जादूगारांनी यात देवाचा हात असल्याचे कबूल केले, तरी तो ढळला नाही. पाचव्या वेळी गुरे मेली तेव्हा त्याने माणसे पाठवून खात्री करून घेतली. इस्राएलींचे एकही जनावर मेले नव्हते, आणि हे कळूनही तो होता तिथेच राहिला. म्हणजे पुरावा कमी पडला असे म्हणायला जागा नाही. हट्ट आणि अज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हट्टी माणसाला बहुतेक वेळा सगळे ठाऊक असते. देवाने मन कठीण केले हे वाक्य पीडांच्या ओघात प्रथम येते ते सहाव्या पीडेत, गळवांच्या वेळी. तोवर पाच संधी फारोने स्वतः वाया घालवल्या होत्या. त्यानंतरही, सातव्या पीडेच्या अखेरीस, गारा थांबल्यावर त्याने आपले मन आपणच कठीण केले असे ग्रंथ नोंदवतो.

मला सर्वांत बोलकी वाटते ती या हट्टाची वेळ. बेडकांनी घर, अंथरूण, कणकेच्या पराती भरून गेल्या तेव्हा फारोने इस्राएलींचा पुढारी मोशे याला विनवले. प्रार्थना कधी करू, असे मोशेने विचारताच त्याने उत्तर दिले ‘उद्या’चे! बेडूक मेले, जरा उसंत मिळाली, आणि त्याच क्षणी त्याने शब्द फिरवला. गारांच्या माऱ्यात त्याने आपण पापी असल्याचे कबूल केले. आकाश निवळले आणि कबुलीही विरली. टोळ आले तेव्हा पुन्हा क्षमा मागितली, पण तीही एवढ्या एका वेळेपुरती. शिवाय त्याचे शरण येणे म्हणजे अनेकदा घासाघीस होती: यज्ञ करा, पण याच देशात, जा, पण फार दूर नको, पुरुष तेवढे जाऊ देत, सगळे जा, पण गुरे इथेच राहू देत. त्याला पीडा टळायला हवी होती, गुलामांवरची पकड मात्र सोडायची नव्हती. संकटाने त्याचे तोंड वळवले, मन वळवले नाही.

याच्या अगदी उलट वागलेली माणसे त्याच्याच दरबारात होती, आणि त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गारांची सूचना एक दिवस आधी मिळाली होती: गुरे आणि माणसे छपराखाली आणा. फारोच्या सेवकांपैकी ज्यांना त्या शब्दाचा धाक वाटला, त्यांनी आकाश स्वच्छ असतानाच आपले गडी आणि गुरे घरात घेतली. तीही मिसरचीच माणसे होती, त्याच राजाची चाकरी करणारी. संकट येण्याआधी वळणे त्यांना शक्य झाले, तर फारोला ते अशक्य होते असे कसे म्हणावे?

यावर एक आक्षेप जोरकस आहे. पहिल्या पीडेच्या कितीतरी आधी, मोशे मिसरला निघाला तेव्हाच, देवाने त्याला फारोचे मन आपण कठीण करणार असे सांगितले होते. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात याच प्रसंगाचा आधार घेऊन देवाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला. याच ओळींवरून 1524 आणि 1525 साली इरॅस्मस आणि लूथर यांच्यात माणसाच्या स्वतंत्र इच्छेविषयी मोठा वाद झाला. लूथरची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. देवाची सत्ता माणसाच्या लहरीवर अवलंबून नाही हे त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे लागते. पण मला बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या ज्यू पंडिताचा विचार अधिक पटतो. पश्चात्तापाची वाट बंद होणे हीच शिक्षा आहे, आणि ती आधी स्वेच्छेने केलेल्या पापांची आहे, असे तो म्हणतो. त्याच्याही कितीतरी आधी ओरिगेनने दाखला दिला होता तो उन्हाचा: एकाच उन्हाने मेण वितळते आणि चिखल वाळून घट्ट होतो. नकाराची सवय जडत गेली की एक वेळ अशी येते, जेव्हा माणसाला होकार देता येत नाही. मन कठीण केल्याची भाषा त्या टप्प्याची आहे, असे मी मानतो.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येईल. गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्ताला जागा दिली आहे. मग संकटात देव आठवला तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. फारोची हाकसुद्धा वाया गेली नव्हती. त्याने विनवले तेव्हा मोशेने प्रार्थना केली आणि पीडा उठली. दुःखातली हाक ऐकली जाते, पण ती माणसाला बदलेलच अशी खात्री नसते. तो बदल घडतो की नाही, हे सुटका झाल्यावर कळते. म्हणून निनवेची गोष्ट फारोच्या शेजारी ठेवून वाचावी. योना या संदेष्ट्याने त्या शहराला चाळीस दिवसांची मुदत सांगितली. शहरावर अजून काहीच कोसळले नव्हते, तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, आणि शहर वाचले. योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत जगभरचे ज्यू, त्यांत आपले मराठी बोलणारे बेने इस्राएलही आले, योनाचे पुस्तक वाचतात. कुराणातही युनूसच्या, म्हणजे योनाच्या, लोकांची गोष्ट आणि बुडताना श्रद्धा कबूल करणारा फिरऔन, म्हणजे फारो, एकाच सूरेत येतात.

तेव्हा फारोचे मन आधी त्याने स्वतः कठीण केले, आणि मग ते तसेच राहू दिले गेले, हे माझे उत्तर. ते पटो न पटो, वाचकांनी निर्गमाचे आठ ते दहा हे अध्याय या आठवड्यात जरूर वाचावेत आणि प्रत्येक पीडा उठल्यावर फारो काय करतो तेवढेच पाहावे. आजार उतरल्यावर, कर्ज फिटल्यावर आपण काय करतो, हेही त्याच वेळी स्वतःला विचारावे. वळायचे असेल तर ते आज, काही अडलेले नसताना वळावे. पुढच्या आठवड्यात वल्हांडणाची रात्र.